काळ्या भिंतींच्या गावात

जपानचे होन्शू हे मोठे बेट आणि त्याच्या दक्षिणेला असलेले शिकोकू यांच्या मध्ये एक शांत समुद्र आहे. त्याला सेतो अंतर्गत समुद्र म्हणतात. त्यात शेकडो लहान बेटे आहेत आणि त्यांपैकीच एक नाओशिमा. ओकायामा प्रांतातल्या उनो बंदरातून बोटीने वीस मिनिटांत तिथे पोहोचता येते. बेटावरची वस्ती जेमतेम तीन हजारांची. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर होन्मुरा नावाचे जुने गाव आहे. अरुंद गल्ल्या, राखाडी कौले, दारांवर कापडी पडदे, आणि भिंती मात्र काळ्याभोर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे की गावातून वणवा गेला असेल. जवळ जाऊन बोट फिरवले की कळते, भिंतीवरची प्रत्येक फळी जाळलेली आहे. पण ती अपघाताने जळलेली नाही. भिंतीवर ठोकण्यापूर्वी तिला मुद्दाम आगीतून काढले आहे.

आमचा धाकटा मुलगा चार वर्षांपासून कोबे शहरात नोकरीला आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझे पती त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. पहिल्याच शुक्रवारी तो आम्हाला कोबेच्या मशिदीत घेऊन गेला. जपानमधली ही पहिली मशीद १९३५ साली उभी राहिली आणि तिच्या उभारणीत भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत कोबे शहर जळून गेले, कारण ते बहुतेक लाकडाचे होते. सिमेंट काँक्रीटची ही मशीद तेवढी काजळलेल्या भिंतींनिशी उभी राहिली. पुढे १९९५ च्या भूकंपातही ती टिकली, तेव्हाही शहरात अनेक ठिकाणी आगी लागल्या होत्या. नमाजनंतर अंगणात हे सगळे ऐकताना मी म्हटले, "लाकडाचा खरा वैरी आगच म्हणायची." मुलगा हसला आणि म्हणाला, "अम्मी, परवा तुला आगीने राखलेली घरे दाखवतो." त्याला आमच्या कोकणातल्या घराची काळजी ठाऊक होती, म्हणून हा बेत त्याने आधीच आखला होता.

ती काळजी थोडक्यात सांगते. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात आमचे सासरचे घर आहे. जांभ्याचे जोते, सागाचे खांब, फणसाची दारे, वर माडी. सासूबाई तिथे एकट्या राहतात. मोठे दीर कुवेतला, धाकटे मुंब्र्याला आणि आम्ही पुण्याला. पडवीचे दोन खांब तळाशी वाळवीने खाल्ले आहेत, वाशांना कीड लागली आहे. मोठ्या दिरांचे म्हणणे, घर पाडून स्लॅबचे बांधू. सासूबाई म्हणतात, मी असेपर्यंत नको. प्रत्येक ईदला हा विषय निघतो आणि जेवणाची चव जाते. पुष्कळ वाचकांच्या घरी हा प्रसंग वेगळ्या नावांनी घडत असेल.

कोबेहून बुलेट ट्रेनने ओकायामा, तिथून साध्या गाडीने उनो बंदर आणि पुढे बोट. बेटावर हलाल जेवण मिळेलच असे नाही, म्हणून सुनेने पराठे आणि अंडाबुर्जी बांधून दिली होती. जुहरची नमाज किनाऱ्यावरच्या एका झाडाखाली अदा केली. जपानमधून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला येतो. मोबाईलवर दिशा पाहून आम्ही समुद्राकडे पाठ करून उभे राहिलो.

होन्मुऱ्यात काळ्या फळ्यांची घरे गल्लोगल्ली आहेत. फळ्या ज्या झाडाच्या, त्याला जपानीत सुगी म्हणतात. इंग्रजीत त्याला जपानचा देवदार म्हणत असले तरी आपल्या हिमालयातला देवदार तो नव्हे. हे झाड सायप्रसच्या कुळातले आहे. भारतात ते पाहायचे असेल तर दार्जिलिंगला जावे. तिथल्या डोंगरांवर त्याची मोठी लागवड झाली आहे आणि स्थानिक लोक त्याला धूपी म्हणतात. सुगीचे लाकूड हलके, मऊ आणि सरळ रेषांचे असते. जाळलेल्या सुगीला जपानी लोक याकिसुगी म्हणतात. याकी म्हणजे भाजलेले. बाहेरच्या जगात मात्र याच कामाला शौ सुगी बान असे नाव पडले आहे. जपानी अक्षरे चुकीची वाचल्याने ते तयार झाले आणि खुद्द जपानी सुताराला ते कळत नाही.

गावातली काही रिकामी घरे आणि जागा आता कलेसाठी वापरल्या जातात. कादोया नावाचे सुमारे दोनशे वर्षांचे घर १९९८ मध्ये असे पहिल्यांदा उघडले. त्याची डागडुजी जुन्या पद्धतीनेच केली, चुन्याचा गिलावा, भाजलेल्या फळ्या, जुन्या धाटणीची कौले. आत काळोखात पाण्याखाली १२५ आकडे लुकलुकतात. कोणता आकडा किती वेगाने चालावा हे बेटावरच्या १२५ माणसांनी ठरवले, त्यांत लहान मुलेही होती आणि नव्वदीपलीकडचे वृद्धही. जवळच मिनामिदेरा ही १९९९ ची इमारत आहे. तिचे शिल्पकार तादाओ आंदो काँक्रीटच्या कामासाठी जगप्रसिद्ध आहेत, पण या गावात त्यांनीही भिंतींना भाजलेल्या फळ्याच लावल्या. पुढे २००७ मध्ये तेरुनोबू फुजिमोरी या वास्तुशिल्पकाराने नागानो प्रांतात एक संपूर्ण घर याच फळ्यांनी मढवले आणि खेडवळ समजले जाणारे हे काम शहरी लोकांच्या नजरेत आले.

फळी भाजतात कशी, हे पाहायला दुसऱ्या दिवशी मुलाने आम्हाला ओकायामाच्या बाजूला एका सुताराच्या आवारात नेले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, मुलाच्या सहकाऱ्याचे मामा. त्यांनी तीन लांब फळ्या उभ्या करून कडेला कड लावली, म्हणजे मध्ये त्रिकोणी पोकळी तयार झाली. तारेने तीन ठिकाणी बांधले. ही नळी दोन विटांवर उभी केली आणि खालच्या तोंडाशी चुरगाळलेला कागद व रंधा मारताना निघालेला भुसा ठेवून काडी लावली. क्षणभर नुसता धूर. मग चुलीच्या धुराड्यात वारा ओढला जावा तसा आवाज सुरू झाला आणि मिनिटा-दोन मिनिटांत वरच्या तोंडातून पुरुषभर उंच ज्वाळा निघाली. आम्ही दोघे मागे सरकलो. सुतार मात्र जागचे हलले नाहीत. कान देऊन आवाज ऐकत होते. काही मिनिटांनी त्यांनी नळी आडवी पाडली, तार तोडली, फळ्या उलगडल्या आणि बादलीभर पाणी ओतले. वाफ निवली तेव्हा फळीच्या एका अंगावर मगरीच्या कातडीसारखा भेगाळलेला काळा थर होता. दुसरे अंग जसेच्या तसे, गुलाबी. काळा थर काही मिलिमीटरचाच असतो. काळे अंग बाहेर ठेवून फळी भिंतीला ठोकायची.

हा थर काय करतो? लाकूड आपोआप कुजत नाही, त्याला बुरशी खाते. बुरशीला चार गोष्टी लागतात, खाद्य, पाणी, हवा आणि ऊब. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बहुतेक बुरशी तिथे वाढू शकत नाही. पृष्ठभाग भाजला की लाकडातला पाणी शोषणारा आणि बुरशीला आवडणारा भाग आधी जळून जातो. उरतो तो कोळसा. कोळसा बुरशीही खात नाही आणि किडाही खात नाही. उन्हाने लाकूड करडे पडून त्याचे तंतू सुटतात, तेही कोळशाच्या आड होत नाही. आणि वरवरचे पेटणारे सगळे आधीच पेटून गेलेले असल्याने ठिणगी पडली तर अशी फळी लवकर आग धरत नाही, असे सुतारांनी सांगितले. दाट लाकडी वस्तीत ही लहान गोष्ट नव्हे.

मी विचारले, "म्हणजे ही फळी कायमची झाली का?" मुलाने दुभाषाचे काम केले. ते म्हणाले, पाणी वरून गळले नाही तर दोन पिढ्या टिकते, गळले तर दहा वर्षेही नाही. मग त्यांनी आपल्याच गोदामाची भिंत दाखवली. वरच्या फळ्या पन्नास वर्षांच्या, खालचा हातभर पट्टा मात्र नवा. जमिनीवर पडलेला पाऊस उसळून तिथेच लागतो, म्हणून तेवढ्या फळ्या अधूनमधून बदलाव्या लागतात. भिंत जमिनीला टेकलेली नव्हती, खाली दगड होता. छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आलेले होते. फळ्यांच्या मागे बोटभर पोकळी होती, म्हणजे ओल आली तरी वाऱ्याने वाळेल. ते ऐकताना मला आमचे जांभ्याचे जोते आणि पुढे काढलेली पडवी आठवली. आमच्या वाडवडिलांनी जपानचे तोंड पाहिले नव्हते, पण पावसाला ओळखून त्यांनी तोच हिशेब केला होता. मृगापूर्वी पडवीला झावळ्यांचे झाप बांधायचे, तेही लाकडाला झोडप्यापासून वाचवण्यासाठीच.

तेलाविषयीही मी विचारून घेतले. भिंतीच्या बाहेरच्या जाड काळ्या फळीला तिथे जुने लोक सहसा तेल लावत नाहीत. पण दार, कठडा, बाक अशा जिथे हात लागतो तिथे सुटी काजळी ताठ ब्रशने घासून काढतात, मग तेल देतात. त्यासाठी वाळणारे तेल लागते. अळशीचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडाच्या छिद्रांत पक्के बसते. आपल्याकडचे सुतार बेलतेल म्हणतात ते हेच. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल असे वाळत नाही. ते चिकट राहते, धूळ धरते आणि खवट होते, म्हणून स्वयंपाकघरातले उरलेले तेल दाराला चोळण्यात अर्थ नाही. तेलाचा हात पातळ द्यावा, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून घ्यावे आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. एक धोका प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम झाल्यावर त्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आगीने लाकूड राखणे ही फक्त जपानचीच युक्ती नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियसने पायात ठोकायचे खांब भाजून घ्यायला सांगितले आहे. याच सेतो समुद्राच्या काठी तोमोनोउरा नावाचे जुने बंदर आहे. तिथे ओहोटीला जहाजे किनाऱ्यावर घेऊन त्यांचे तळ धगीवर शेकत, म्हणजे चिकटलेले शिंपले आणि लाकूड पोखरणारे किडे मरत. त्या जागेचे दगडी बांधकाम अजून आहे. आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना माशाचे तेल आणि काजूच्या टरफलांचे तेल लावत आले आहेत. टरफलाचे तेल कातडीला लागले की फोड उठतात, आणि ज्या गुणाने हात भाजतो त्याच गुणाने ते किड्याला दूर ठेवते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कुंपणाच्या मेढीचे टोक होरपळून जमिनीत पुरायचे, ही आपल्याकडची सवय फार उपयोगाची नाही. परदेशात अशा खांबांच्या चाचण्या झाल्या आहेत. काळा थर भेगाळतो, भेगांतून माती आणि ओल आत शिरते आणि जमिनीच्या पातळीशी खांब कुजतोच. भिंतीवरची फळी वाळू शकते, जमिनीतली मेढ वाळू शकत नाही, हा फरक आहे. शिवाय सेतोच्या काठी वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात त्याच्या तिप्पट पडतो. तिथले पाहून इथे डोळे मिटून तसेच करू नये.

निघताना सुतारांनी आम्हाला शेजारच्या वाडीतले एक घर दाखवले. बाहेरून भिंत इतकी सुंदर होती की माझ्या पतींनी फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला. काळ्या फळ्यांवर एकही डाग नव्हता. मागच्या बाजूने गेलो तेव्हा छपराची चार-पाच कौले सरकलेली दिसली. खिडकीतून डोकावलो. आत चटईची जमीन खचून खाली गेली होती, तुळई मध्ये वाकली होती, भिंतीला हिरवट बुरशी होती. घरातली म्हातारी गेल्याला अकरा वर्षे झाली, मुले ओसाकाला असतात, असे कळले. जपानमध्ये अशा रिकाम्या घरांना अकिया म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत त्यांची संख्या सुमारे ९० लाख निघाली. फळी पन्नास वर्षे टिकली होती. चार कौले जागेवर सरकवायला कोणी नव्हते, म्हणून घर गेले होते.

परतीच्या गाडीत आम्ही दोघे फारसे बोललो नाही. आमच्या गावातली बंद घरे मला एकेक करून आठवत होती. कोणाचे कुलूप गंजले आहे, कोणाच्या अंगणात गवत कमरेएवढे वाढले आहे, कोणाचे मालक केपटाऊनला, कोणाचे दोहाला. बाहेरच्या कमाईने आमच्या घरांना ग्रॅनाइट आले, रंगीत काचा आल्या. पावसाआधी कौलांवर चढणारा माणूस मात्र गेला. वाळवीने खाल्लेले खांब पाहून आपण म्हणतो, लाकूड वाईट. पण ज्या खोलीत माणूस वावरतो, चूल पेटते, खिडकी उघडते, तिथे ओल बसत नाही आणि वाळवीची मातीची नळी दिसताच कोणीतरी झाडूने पाडते. आमच्याच घरात सासूबाईंच्या वावरातले माजघर शाबूत आहे. खराब झाले ते बंद माडी आणि पडवीचे टोक. हे मी इतकी वर्षे पाहत होते, पण त्याचे कारण मला त्या जपानी खिडकीतून कळले.

पुण्याला आल्यावर तिन्ही भावांचे फोनवर बोलणे झाले. मोठ्या दिरांनी बेत सोडलेला नाही. "वहिनी, भावना ठीक आहे, पण अम्मीच्या डोक्यावर तुळई पडली तर?" असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. शेवटी एवढे ठरले की एक पावसाळा पाहायचा. गावच्या सुताराने घर ठोकून पाहिले. दोन खांब आणि सात वासे बदलायचे, बाकी सांगाडा घट्ट आहे, असा त्याचा निर्वाळा आहे. नवे खांब मातीत न पुरता जांभ्याच्या दगडावर बसतील. पावसाच्या माऱ्याच्या पश्चिम बाजूला, न्हाणीघराच्या भिंतीवर, भाजलेल्या फळ्या लावून पाहायच्या आहेत. सुगी नाही, गावातच मिळणाऱ्या लाकडाच्या. दारांना बेलतेलाचे दोन हात. आणि खर्चात एक वेगळी ओळ टाकली आहे, दर वर्षी मे महिन्यात शाकारणीसाठी कौले काढून परतायची मजुरी. तिन्ही भावांनी ती सारखी वाटून घ्यायची आहे, कोणी कुठेही असो.

ज्यांचे गावाकडे लाकडी घर आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. फळी भाजायची असेल तर ती सुटी, कोरडी असताना, घरापासून दूर आणि पाणी जवळ ठेवून भाजावी. रंग किंवा औषध लावलेले लाकूड कधीही जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. भिंतीला लावलेल्या लाकडावर ज्योत धरू नये. पण त्याआधी एकदा छपरावर चढून पाहावे. आणि घरात कोणी राहत नसेल, तर किल्ली अशा नातेवाइकाकडे द्यावी जो आठवड्यातून एकदा खिडक्या उघडील. आमच्या माडीची किल्ली आता सासूबाईंच्या भाचीकडे आहे. ती पोरगी दर शुक्रवारी येते, खिडक्या उघडते, झाडू मारते, आणि सासूबाईंना त्या निमित्ताने तासभर बोलायला माणूस मिळते.